ढवळी द्यायची की ठेवायची

आपलं गाव, तालुका अमळनेर
रामनवमीचा दुसरा दिवस

प्रिय झुंबर,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. इकडचं तिकडचं सगळं ऐकून घेतेस, कोणाची म्हैस व्यायली, कोणाच्या पोरीचं जमलं, पण अक्षय्यतृतीया जवळ आली, मी आखाजीचं नाव काढलं की तुझ्या फोनला एकाएकी ऐकू येईनासं होतं. ‘भाऊ, आवाज कटी ऱ्हायना,’ म्हणतेस आणि फोन नातीच्या हातात देऊन मोकळी होतेस. मग ती बिचारी दिपमाला भर दुपारी चारला मला विचारते, ‘आबा, जेवण झालं का?’ म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. कागदाचा आवाज कटत नाही. आणि तू सातवी पास आहेस, हे मला पक्कं ठाऊक आहे, तेव्हा वाचता येत नाही ही सबब चालायची नाही. चष्मा लाव, पाठीखाली उशी घे, आणि सावकाश वाच.

तुला एका गोष्टीत सल्ला विचारायचा आहे. ढवळी द्यायची की ठेवायची? गुढीपाडव्यापासून घरात दुसरा विषय नाही. तुझ्या भाच्याने, समाधानने, धुळ्याला एक मोठी पिकअप बघून ठेवली आहे. हीसुद्धा आपल्या जुन्या ढवळी गाडीसारखी चारही चाकांनी ओढणारी, पण अंगाने तिच्या दीडपट. पुढे दोन सीटा, मागे तिघांचा बाक, त्याच्या मागे लांबलचक हौदा. डबल कॅबिन म्हणतात तिला. ढवळी द्यायची आणि वर पैसे घालून ही आणायची, असा सौदा आहे. समाधानचं म्हणणं अगदी बरोबर आहे. त्याची ठिबकच्या नळ्यांची एजन्सी वाढली, नळ्यांची भेंडोळी ढवळीच्या हौद्यात मावत नाहीत, एका खेपेच्या दोन खेपा होतात. शिवाय नदीकाठच्या शेतात गाळात गेली की ढवळी आता पहिल्यासारखी निघत नाही, थोडी रडते. लीलाधर मिस्त्री तिच्या खालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, ‘नाना, गाडीवर जीव असेल तर ठेवा, पण हिच्या भरवशावर डोंगराकडे जाऊ नका आता.’

तुझी वहिनी विरोधात आहे. सुंदरचं म्हणणं असं, की तुम्ही बहात्तरीचे आणि गाडी कोरी, तुमचं दोघांचं जमायचं नाही. मोठी गाडी दत्तमंदिराच्या कोपऱ्यावर वळणार नाही, अडकून बसेल, मग गाव जमेल आणि जो तो सल्ले देईल, हे तिने आत्तापासून रंगवून ठेवलं आहे. मी काही बोललो नाही की ती म्हणते, ‘बघा, आता कवितेत गेले.’ खोटं नाही ते. मी गाडीपाशी उभा राहतो आणि कुठेतरी जातोच.

मला गाडीतलं काही कळत नाही, हे तू जाणतेस. मला तिचा आवाज कळतो. गुरुजींनी फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा करून वृत्तं शिकवली, तेव्हापासून हा रोग जडला आहे. मोटेचं चाक, पिठाची गिरणी, एसटी, सगळ्यात मी वृत्त शोधत बसतो. ढवळी तिसऱ्या गिअरला लागली की भुजंगप्रयातात चालते. लगागा लगागा लगागा लगागा. चढावर धाप लागली की एखादं अक्षर गाळते, मग ते मी मनातल्या मनात भरून घेतो. तुला एकदा हे सांगितलं तर तू तोंडाला पदर लावून हसलीस आणि मग पुढचा सगळा रस्ता मांडीवर ठेका धरून बसलीस. तिचं नावही तूच ठेवलंस. नवी आली तेव्हा तू भोवती फिरून बघितलंस, बोनेटवर थाप मारलीस आणि म्हणालीस, ही तर आपली ढवळी गाय, तशीच पांढरी आणि तशीच हट्टी. तेव्हापासून ती ढवळी. समाधानच्या कागदांवर तिचं दुसरं काही नाव आहे, पण त्या नावाने ती ओ देत नाही.

विकायची म्हणून समाधानने परवा तिला धुवायला काढली. आत फडकं फिरवता फिरवता तो डाव्या सीटसमोरच्या खणाच्या झाकणाशी आला आणि नखाने काहीतरी खरवडायला लागला. मी ओट्यावरून असा ओरडलो की त्याच्या हातून बादली पडली. तुझ्या टिकल्या होत्या त्या. दरवर्षी आखाजी करून मी तुला परत सोडायला यायचो, तेव्हा उतरण्याआधी तू कपाळावरची टिकली काढायचीस आणि त्या झाकणावर चिकटवायचीस. ‘हाजरी लावली भाऊ,’ म्हणायचीस, आणि पुडीतली नवी टिकली लावून सासरच्या दारात उतरायचीस. लाल, मरून, एक हिरवी, एका वर्षी खड्याची, नातीची उचलून आणलेली. ओळ कशी सरळ, तुझ्या अक्षरासारखी. समाधान म्हणाला, ‘नाना, गिऱ्हाईक बघेल ना हे.’ म्हटलं, बघू दे. त्या ओळीनंतर झाकणावर बरीच जागा रिकामी आहे, तीही बघू दे.

तुला आठवतं का, तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी मुराळी म्हणून आलो होतो? आपल्याकडे लेक आखाजीला आपणहून येत नाही. दारात एसटी उभी असली तरी येत नाही. माहेरचा मुराळी घ्यायला जातो, तेव्हाच ती उंबरा ओलांडते. बाबांनी मला पाठवलं, आईने सांजोऱ्यांचा डबा दिला. साक्रीपर्यंत एसटी, तिथून पिंपळनेरला एका ट्रकवाल्याच्या पाया पडून, आणि पुढचा डोंगराकडचा रस्ता पायी. तुझं गाव असं आडवळणी की विचारत विचारत गेलो. मला वाटलं, तू आत कामात असशील. तू ओट्यावर बसली होतीस, गाठोडं पदराखाली झाकून, सासूला दिसू नये म्हणून. मला पाहिलंस आणि सगळी मर्यादा विसरून ओरडलीस, ‘मना भाऊ उना! माले लेवाले उना!’ तुझी सासू आतून म्हणाली, ‘उना ते उना, गाव कसाले गोळा करस?’ पण हसत होती ती माउली. त्यानंतर किती वाहनं झाली आपली. बैलगाडी झाली, कोणाची मागून आणलेली जीप झाली, आणि शेवटी ढवळी. मी स्टिअरिंगवर, तू खिडकीशी, मध्ये डबा.

ढवळीची पहिली आखाजी मी विसरायचो नाही. त्या साली अवकाळी झाला होता आणि तुला परत सोडायला आलो तेव्हा तुझ्या गावच्या नाल्याला पाणी आलं होतं. पूल तेव्हाही मंजूर होता, आजही मंजूर आहे. पलीकडे आमचे मेहुणे रुपचंदराव धोतर सावरत हात हलवत होते, ‘पाव्हणे, नका घालू, नका घालू!’ तू म्हणालीस, घाल भाऊ. मी चारही चाकं जोडली आणि घातली. पाणी दारापर्यंत आलं. तू दोन्ही पाय वर समोर टेकवलेस, पैंजणांसकट, आणि मोठ्याने ती नदीची कविता म्हणायला लागलीस, माझ्या आठवीच्या पुस्तकातली. मधली एक ओळ तुला आठवेना. मी स्टिअरिंगशी झुंजत होतो, तरी ती ओळ मी दिली, आणि ओळ पुरी होते न होते तोच ढवळी पलीकडच्या काठावर चढली. रुपचंदराव बघतच राहिले. नंतर सगळ्यांना सांगायचे, ही दोघं बुडतानाही शाळा भरवतील.

पुस्तक माझं होतं, पण कविता तुझ्या होत्या, झुंबर. तुला सातवीनंतर घरी बसवलं. संध्याकाळी तू चुलीपुढे भाकरी थापायचीस आणि मी भिंतीला टेकून कंदिलात उद्याची कविता मोठ्याने वाचायचो. पाठ मला व्हायला हवी होती, आधी व्हायची तुला. कधी वरच्या वर्गात न गेलेली, कधी ते पुस्तक हातात न धरलेली तू, नुसती कानाने. मी अडखळलो की थापटी थांबायची. मान वर न करता तू ओळ सांगायचीस आणि थापटी पुन्हा सुरू. गुरुजी मला म्हणायचे, तुझं पाठांतर चांगलं आहे. मी मान डोलवायचो. माझं पाठांतर घरी भाकरी भाजत होतं.

तर मी धुळ्याचं सांगत होतो. मागच्या सोमवारी समाधान मला ती मोठी गाडी दाखवायला घेऊन गेला. शोरूम कसली, थंडगार देऊळच. चपला काढायच्या की नाही, हेच मला कळेना. टाय लावलेले एक साहेब गाडीभोवती फिरून एकेक गोष्ट सांगत होते आणि समाधान हौद्याची लांबी वितीने मोजत होता. साहेबांनी इंजिन सुरू केलं. मी वाट बघितली आणि विचारलं, कधी सुरू होणार? ते म्हणाले, ‘नाना, केव्हाच झाली.’ आवाजच नाही, झुंबर. ना लघु, ना गुरू. निव्वळ मुक्तछंद. माझं मन तिथेच उतरलं होतं. पण मी त्यांना एक गोष्ट विचारली. पुढची डावीकडची सीट मागे किती पडते? त्यांनी डोक्याची उशी काढली, बाजूचा दांडा ओढला, आणि सीट पडत पडत थेट मागच्या बाकाला जाऊन भिडली. मग मी चपला काढल्याच. आत शिरलो आणि आडवा झालो. साहेब घाबरून पाणी आणायला धावले. समाधानने माझी नाडी धरली. ‘नाना, काय होतंय?’ काही नाही रे, म्हटलं, पडू दे जरा. तू गाडी बाहेर काढ आणि खड्ड्यातून एक चक्कर मार. तो म्हणाला, तुम्ही उठून बसा तरी. म्हटलं, नाही, अशीच मार. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर मुरमाचे ढीग होते, त्यांवरून त्याने गाडी नेली आणली. मी डोळे मिटून पडलो होतो, कमरेकडे लक्ष देऊन.

घरी आल्यावर त्याने आईला सांगितलं, नाना शोरूममध्ये झोपले. झालं. तेव्हापासून सुंदर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, ‘आमच्याकडे खाट नाही ना, म्हणून हे गाडी घेत आहेत.’

आता तुझं. गोठ्यात तुझा पाय घसरला त्याला दोन आखाज्या होऊन गेल्या. मणका दबला म्हणाले. घरात वॉकर धरून चार पावलं चालतेस, आडवी पडलीस की बरं असतं, पण बसणं सोसत नाही. पहिल्या वर्षी मी विषय काढला नाही. मागच्या वर्षी मात्र मला राहवलं नाही. ढवळीत उशा रचल्या, वाकळ अंथरली आणि निघून आलो. तू नवं लुगडं नेसून तयार होतीस. त्या सरळ पाठीच्या सीटवर तू बसलीस, खिडकीशी, तुझ्या जागी. आपण नाल्यापर्यंतही पोचलो नाही. तू दाराची कडी धरली होतीस आणि बोटं पार पांढरी पडली होती. मी म्हटलं, कविता म्हण. तू तोंड उघडलंस आणि नुसता श्वास आला. मी गाडी वळवली. तुला घरात निजवलं आणि रिकामी ढवळी घेऊन परत निघालो. येताना ती त्याच वृत्तात चालत होती, तेव्हा पहिल्यांदा मला तिचा राग आला. आपल्या वेशीशी बाया झोक्याच्या दोऱ्या घेऊन उभ्या होत्या. गाडी पाहून पुढे आल्या, आत वाकून बघितलं आणि दोऱ्या गुंडाळत बाजूला झाल्या.

समाधानने मग साधा उपाय सांगितला. अ‍ॅम्ब्युलन्स करू, आत्या झोपून येईल. चांगल्या मनाने सांगितलं त्याने. त्यावर तू फोनवर जे बोललीस ते अजून माझ्या कानात आहे. ‘आखाजीले गवराई येस भाऊ, मढं नही येस.’ त्या दिवसापासून तुझ्या फोनचा आवाज कटायला लागला. मी तुला चूक म्हणत नाही. आखाजीला माहेरी आलेली लेक म्हणजे गौरच. माहेरच्या वेशीतून ती गाडी आत शिरताना दारोदारच्या बाया आधी तोंडावर हात धरतील आणि मग तुझं नाव घेतील. मुराळी आणायला गेला आणि हे घेऊन आला, असं मलाही नको आहे.

म्हणून शोरूममध्ये पडून राहिलो होतो. कंबर माझीही जुनी आहे, तिला विचारून घेतलं. मुरमावरून दोनदा गेलो, हिसका बसला नाही. तिथून मी समाधानला चहा प्यायला पाठवलं आणि एकटा तुझ्या धुळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, आडवं पडून, हळू, मध्ये थांबत, आणता येईल. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. घरात हे कोणाला माहीत नाही. समाधानला वाटतं, नाना नळ्यांसाठी तयार होत आहेत. नळ्यांसाठी मी ढवळी कशाला देऊ? हे पत्र तोच घेऊन येतोय, साक्रीला माल टाकायला निघालाय, पाकीट मी चिकटवून दिलं आहे. चैत्री पौर्णिमेपर्यंत साहेबांना हो की नाही कळवायचं आहे. ते कळवणं तुझ्याकडे आहे. तू नाही म्हणालीस तर ढवळी दारात राहील आणि आपण दोघं आपापल्या गावी तिची आठवण काढत बसू. तू हो म्हणालीस, तर लीलाधरने खणाच्या झाकणाचे स्क्रू सैल करून ठेवले आहेत. झाकण घरी राहील, ढवळी जाईल, आणि आखाजीच्या आदल्या दिवशी तुझा मुराळी दारात उभा असेल. गाडी समाधान चालवेल. मला स्टिअरिंग सोडायचं जिवावर आलं होतं, पण मी जागा बघून ठेवली आहे. मागच्या बाकावर, त्याच्या पाठीशी, तुझ्या उशाशी. आपल्या ओट्यापासून आतपर्यंत चार पावलंच आहेत, ती तू चालत ये, लुगडं सावरत, सगळ्यांदेखत. एकच अडचण आहे, ती मला आडवं पडल्यावर कळली. तिथून रस्ता दिसत नाही. नुसतं आभाळ, विजेच्या तारा, झाडांचे शेंडे, साक्रीकडे पवनचक्क्यांची पाती दिसतील तेवढीच. तू दोन वर्षं छत बघते आहेस, आणखी एक छत मी तुला दाखवणार नाही. मी रस्ता मोठ्याने वाचत येईन. नाला आला, पाय वर घे. साक्री गेली. नेर आलं, कुसुंबा आलं, हा पांझरेचा पूल, हे धुळं, तो लळिंगचा किल्ला मागे राहिला. आता आपल्याकडची काळी माती लागली, कापसाच्या पळकाट्या अजून उभ्या आहेत, ही बोरी कोरडी, ही वेस, हा निंब, झोका बांधलेला आहे. तू डोळे मिटून ऐक, भाकरी थापताना ऐकायचीस तशी. आणि कुठे एखादी ओळ माझ्याकडून सुटली, तर मान वर करू नकोस, तिथूनच सांग.

तुझ्या होकारासाठी ओट्यावर बसलेला,
तुझाच,
भाऊ